टाक्यातलं पाणी खाली उतरलं

एक होता डोंगर. राजा कुठंय म्हणता? येतो, येतो, दम धरा जरा. आधी डोंगर, मग राजा.

मग भोगदेव नावाच्या राजानं त्या डोंगरावर गड बांधला. नाव ठेवलं भोगगड. कातळात पाण्याचं मोठं टाकं खोदलं आणि त्याची राखण एका बाईला दिली. तिच्यानंतर तिची सून धुरपदा राखू लागली. दर चैत्रात पाणी तळाला गेलं की ती आत उतरायची, गाळ काढायची. तिचं घर टाक्याच्या काठावरच. तिथंच तिची लेकरं झाली, तिथंच नवरा गेला. आपणही इथंच डोळे मिटायचे, एवढंच तिचं मागणं होतं बरं का.

पण राजे कुठं टिकतात? लढाई झाली. भोगदेव गेला, रणधवल आला. गडाचं नाव झालं धवलगड. त्यानं धुरपदाला विचारलं, "तू कोणाची माणूस?"

"मी टाक्याची," ती म्हणाली. तो हसला आणि त्यानं तिला राहू दिलं.

मग रणधवलही हरला. आला तिसरा, इंद्रसेन. तरणा, तापट आणि मनानं भारी संशयी. त्यानंही तेच विचारलं, धुरपदानंही तेच सांगितलं.

"म्हणजे माझ्या दोन्ही शत्रूंना पाणी पाजलंस! चल, हो खाली!"

म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन रडत गड उतरली. मला तर सांगतानासुद्धा वाईट वाटतं. पायथ्याशी तिनं खोपट बांधलं.

चैत्र आला. इंद्रसेनाच्या शिपायांनी टाकं पहारींनी खरवडून लख्ख केलं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरलं. दिवाळीला अर्धं झालं. पौषात तळाला नुसता चिखल! आणि खाली काय झालं, ठाऊक आहे? धुरपदाच्या दारात दगडातून पाणी झिरपायला लागलं. ती ओंजळभर प्यायली आणि तिनं चव ओळखली. लोक म्हणाले, पाणी तिला शोधत आलं. मलाही तसंच वाटतं.

ओल बघत बघत इंद्रसेन पायी खाली आला. तहानेनं त्याचे ओठ सुकले होते. धुरपदानं आधी त्याला तांब्या दिला. मग म्हणाली, "गाळाबरोबर टाक्याच्या भेगेतला चुनाही खरवडलात ना, बाबा? तिथूनच पाणी खाली आलं."

इंद्रसेनाची मान खाली गेली. "चुकलो, माय. वर चल. आजपासून गड तुझा."

"गड कोणाचा ते तुम्ही बघत बसा," म्हातारी म्हणाली. "मला माझं घर द्या."

मग गडावर येऊन धुरपदानं चुना भिजवला, त्यात गूळ घातला, बेलफळाचा गर घातला. इंद्रसेनानं बाह्या सारून तो मळला आणि तिनं दाखवलं तिथं भेगेत स्वतःच्या हातानं भरला. ओल्या चुन्यात त्याची पाच बोटं उमटली. पुढच्या पावसाचं पाणी टाक्यात राहिलं ते राहिलंच.

पुढं इंद्रसेनही गेला, आणखी किती आले. गडाची नावं बदलली, निशाणं बदलली. पण नवा धनी आला की आधी टाक्यात उतरायचा, भेगेवर हात फिरवायचा, आणि मगच निशाण चढवायचा. टाकं राखणाऱ्याला कुणी म्हणून कुणी हाकललं नाही.

आणि धुरपदा खूप म्हातारी झाली, पतवंडं खेळवली, आणि एका सकाळी आपल्याच घरात, आपल्याच अंथरुणात शांत झोपली. तशीच तुम्हीही झोपा आता, पण सकाळी उठा बरं! पांघरूण घ्या नीट.