सोनगिरीत कोणी आजारी नाही

"महाराज, राज्यात आता औषधालाही रोगी सापडायचा नाही," असं प्रधान त्र्यंबकपंतांनी भर दरबारात सांगितलं, तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "मग माझी आई कशानं गेली?"

सगळ्या माना वळल्या. ती ठकू होती, डोंगरातल्या करवंदवाडीची सुईण. आसपासच्या अकरा वाड्यांची बाळंतपणं तिच्याच हातून होत. तीन दिवस चालून ती सोनगिरीला आली होती आणि तिचं मागणं एकच होतं, डोंगरात एक दवाखाना हवा.

राजे रणधवलांना हे मुळीच आवडलं नाही. राजधानीतल्या आरोग्यशाळेचा त्यांना मोठा अभिमान होता. तिथं चाळीस वैद्य होते, औषधांचं कोठार भरलेलं होतं आणि वहीतले रोगी दर महिन्याला कमी कमी होत होते. राजांना वाटे, हा सगळा वैद्यांच्या हाताचा गुण.

ठकूनं वेगळंच सांगितलं. वहीत नाव चढतं ते आरोग्यशाळेच्या दारापर्यंत पोचलेल्याचं. डोंगरातला माणूस तिथवर पोचतच नाही. तिच्या आईला ताप भरला, तेव्हा बांबूला झोळी बांधून, तिची डोली करून चौघे जण निघाले होते. दुसऱ्या दिवशी ओढ्याशी पाणी पाजायला गेले, तर म्हातारी संपलेली.

पण राजे हट्टाला पेटले होते.

"पंधरा दिवस देतो," ते म्हणाले. "डोंगरात आजारी माणसं आहेत हे इथं, या दरबारात सिद्ध कर. मात्र एकही आजारी माणूस राजधानीत आणायचा नाही, साथ पसरेल. आमचा माणूसही डोंगर चढणार नाही. जमलं नाही तर राज्याची बदनामी केलीस म्हणून तुझं सुईणपण बंद."

त्र्यंबकपंत मिशीतल्या मिशीत हसले. आजारी माणूस आणायचा नाही, बघायला कोणी जायचं नाही, मग सिद्ध कसं करणार?

ठकू परतली ती घाबरूनच. करवंदवाडीत तीन जणींचे दिवस भरत आले होते. उद्या हुकूम निघाला तर त्यांच्या उशाशी बसायचं कोणी? घरी पोचल्यावर दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं पदर खोचला आणि वाडी वाडी पालथी घातली.

पंधराव्या दिवशी ती दरबारात हजर झाली, ती शंभर धडधाकट गडी घेऊन.

वेशीवर राजवैद्य वामनशास्त्र्यांनी एकेकाची नाडी पाहिली होती. कुणाला साधा खोकलाही नव्हता. राजांना मजा वाटली. "बाई, तुला आजाऱ्यांचा पुरावा मागितला आणि तू पैलवान घेऊन आलीस?"

"हाच पुरावा, महाराज," ठकू म्हणाली आणि तिनं गड्यांना अंगरखे उतरवायला सांगितले.

शंभर जणांच्या खांद्यांवर घट्टे होते. काळे, जाड, बैलाच्या मानेवर असतात तसे.

"हे डोलीच्या बांबूचे," ती म्हणाली. "आजारी माणूस दारात आणायचा नाही असा हुकूम आहे. म्हणून त्याला वाहणारे आणले."

त्र्यंबकपंतांनी लगेच हरकत घेतली. डोंगरातली माणसं लाकडं वाहतात, ओंडके वाहतात, हे घट्टे त्याचेच असणार.

"ओंडका जड झाला की खाली टाकता येतो, पंत," ठकू म्हणाली. "कण्हणारा माणूस कसा टाकायचा? एक खांदा भरून आला की चालता चालता दुसरा द्यायचा. म्हणून बघा, घट्टे दोन्हीकडे सारखे आहेत."

राजे सिंहासनावरून उतरले. एका पिकल्या केसांच्या गड्याच्या खांद्यावरून त्यांनी बोट फिरवलं. त्याचं नाव भिवा. आजवर किती जणांना वाहिलंस, असं राजांनी त्याला विचारलं.

भिवानं बोटं मोजली. "पंधरा, जी."

"आणि पोचले किती?"

"चार."

राजांनी त्याचा उतरवलेला अंगरखा उचलून त्याच्या हाती दिला. मग वळून म्हणाले, की आजारी आहेत हे मान्य, वामनशास्त्र्यांनी उद्याच जाऊन डोंगरात दवाखाना मांडावा.

शास्त्रीबुवांना घाम फुटला. चढण उभी आहे, तिथं घोडं जात नाही, आपलं वय साठ, गुडघे धरलेले, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. ते खोटंही नव्हतं. राजांनी ठकूकडे पाहिलं. हरलेला डाव परत हाती आल्यासारखे त्यांचे डोळे चमकले.

"ऐकलंस? वैद्यच चढू शकत नाही. आता बोल."

"त्यात काय अवघड, महाराज? बुवांना डोलीत घालू," ठकू शांतपणे म्हणाली. "इतकी माणसं खाली उतरवली, एक वर चढवायला काय जातंय? शिवाय बुवा शुद्धीत असतील. वाट कशी आहे, ते आल्यावर तुम्हाला सांगतील. आमची माणसं सांगायला उरत नाहीत."

राजे खो खो हसत सुटले, इतके की पागोटं कानावर आलं. शंभर गडी हसले, दरबार हसला, शेवटी त्र्यंबकपंतही हसले.

राजांनी तिथल्या तिथं हुकूम सोडला. राज्याच्या प्रत्येक परगण्यात दवाखाना निघेल. चाळीसही वैद्य पाळीपाळीनं तिथं राहतील. वहीत यापुढे निघालेल्यांची नावं लिहायची, नुसती पोचलेल्यांची नाहीत. आणि डोंगरातल्या सगळ्या दवाखान्यांची कारभारीण ठकू. तिथले वैद्य तिला विचारून पाऊल उचलतील.

वामनशास्त्र्यांनी नव्या कारभारणीला बारीक आवाजात विचारलं, "निघायचं कधी म्हणता?"

"आत्ताच की, बुवा," ठकू म्हणाली. "खांदे रिकामेच आहेत."