डासांचे लाडके अध्यक्ष

डास घोळक्यातल्या एकाच माणसाला का चावतात, याचा शोध शाल्मली केरकर घेत होती. अनुदान मिळालं नाही, तर तिच्या प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं.

अनुदान समितीचे अध्यक्ष भडकमकर यांनी तिचा प्रस्ताव दोन बोटांत धरला. "यातून समाजाला फायदा काय?" असं विचारता विचारता त्यांनी स्वतःच्या मानेवर फटका मारला, मग टकलावर, मग पोटरीवर. बाकीचे सदस्य निवांत चहा पीत होते.

शाल्मली गोड हसली. "समाजाला फायदा आत्ताच होतोय, सर. तुम्ही इथे बसलायत म्हणून आम्हाला एकही डास चावत नाही. संशोधन झालं, तर फायदा फक्त तुमचा होईल."

अध्यक्षांनी गाल खाजवत तत्काळ सही ठोकली. बाकीच्या सदस्यांना मात्र आता प्रस्तावात खोट दिसू लागली.