सुनेची कुंडी

बोरमाळाच्या माथ्यावर काळ्या कातळात एक कुंडी आहे. तळ तांबूस, आणि एका अंगाला बोटभर चीर. कितीही पाणी ओता, ती काठोकाठ म्हणून भरत नाही. पाहायला आलेल्यांना म्हातारे धुळाआप्पा यमगर त्या चिरेवर काठी टेकवून हकिगत सांगतात.

फार पूर्वी या माळावर ठकूबाईचं घर होतं. दरवर्षी कळपाच्या पांढऱ्या लोकरीचं घोंगडं विणून घ्यायचं, खैराची साल उकळून याच कुंडीत रंगवायचं आणि जत्रेला बिरोबाला पांघरायचं. रंग मात्र या काठापासून त्या काठापर्यंत पाहिजे. पांढरं राहिलं तर देव पाठ फिरवतो, असं मानत.

त्या वर्षी हे काम ठकूबाईच्या नव्या सुनेकडं, सुंद्राकडं आलं. चीर आधी चिकणमातीनं लिंपायची असते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तिला कुणी सांगितलं नाही. नव्या सुनेनं विचारलं तर अडाणी ठरते, म्हणून तिनंही विचारलं नाही. रंग ओतला आणि बघता बघता निम्मा चिरेतून गेला. घोंगड्याचं टोक वीतभर कोरंच राहिलं. पुन्हा साल आणायला सवड नव्हती. तिनं ते टोक आत दुमडून टाके घातले.

"रंग बसला का गं?" ठकूबाईनं विचारलं.

"व्हय, आत्या."

"काठापत्तुर?"

सुंद्रा चुलीतली लाकडं सारायला वळली.

घोंगडं दांडीवर टांगलेलं, आणि येता-जाता तिची नजर त्या टाक्यांवर. जत्रेत ते चारचौघांत उलगडणार. मग माहेरची वाट धरायची, एवढंच उरलं होतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी ऐन दुपारी गारा कोसळल्या. कोवळी कोकरं भिजून काकडली. घरात कोरडं असं ते एकच घोंगडं.

"देव थांबंल, कोकरं न्हाई थांबायची," म्हणत ठकूबाईनंच ते ओढलं आणि कोकरांवर पांघरलं.

कोकरं वाचली, पण त्यांच्या ओलीनं घोंगडं भिजलं आणि त्याचा रंग त्यांच्या अंगाला लागला. मेंढी पिल्लू ओळखते ती वासानं. इथं तर साऱ्यांना खैराचा वास. एकेक आई हुंगायची आणि ढुशी मारून कोकराला लोटायची. कोकरं ओरडून ओरडून गप्प व्हायला लागली. ठकूबाईनं मांडीवरचं कोकरू खाली ठेवलं. "आता एकबी जगत न्हाई."

तेव्हा सुंद्रानं घोंगडं ओढलं आणि सगळ्यांदेखत दातांनी टाके तोडले. कोरं टोक बाहेर आलं. त्याला अजून कळपाचा तेलकट वास होता. त्यानं तिनं एक कोकरू खसाखसा पुसलं. मेंढीनं हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि पाजायला पाय फाकून उभी राहिली.

ठकूबाईनं त्या टोकाकडं आणि तुटलेल्या टाक्यांकडं पाहिलं.

"टाके किती वाकडे घातलेस गं," ती म्हणाली, आणि दुसरं कोकरू मांडीवर घेऊन टोकासाठी हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी देवाला तेच घोंगडं पांघरलं, कोरं टोक वर ठेवून. देवानं पाठ फिरवली नाही, असं सांगतात.

आजही बोरमाळावरच्या प्रत्येक घोंगड्याचं एक टोक वीतभर कोरं असतं. चीर कुणी लिंपत नाही. नवी सून रंग ओतायला आली की सासू शेजारी उभी राहते. रंग चिरेतून उतरू लागला, सुनेचा चेहरा पडला, की ती म्हणते, "उतरू दे."