सहा डुकरांचं एक कणीस

आईशप्पथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे ज्या घुबडाने मला सांगितली ते तेव्हा झोपेत होतं, पण खोटं बोलत नव्हतं.

फार पूर्वी सहा रानडुकरांनी मक्याचं अख्खं शेत फस्त केलं. शेवटी एकच कणीस उरलं. ते सगुणा उंदरणीला दान द्यायचं ठरलं, कारण तिची पाच पिल्लं कालपासून उपाशी होती.

"घेऊ का, मालक?" सगुणाने विचारलं.

"थांब बाई, आधी चित्र," थोरलं डुक्कर म्हणालं.

सहाही डुकरांनी कणीस तोंडात धरलं आणि एक कासव कोबीच्या पानावर त्यांचं चित्र काढू लागलं. चित्र संध्याकाळी संपलं. दाणे दुपारीच संपले होते.

"दांडा राहू दे," थोरलं डुक्कर गंभीरपणे म्हणालं. "चित्र घेऊन जा. बिळात लाव."

दुसऱ्या दिवशी सगळी डुकरं चित्र बघायला आली.

"पिल्लांनी खाल्लं, मालक," सगुणा म्हणाली. "तुमच्या चेहऱ्यापाशी जरा कडू लागलं. पण पुढचं चित्र मोठ्या पानावर काढा."

संपली गोष्ट. आता खिशातले शेंगदाणे द्या. फोटो नको.