ठुमीची निळी खोली

एक होती उंदरी. एवढुश्शी. नाव तिचं ठुमी.

मनवाच्या घराच्या भिंतीत ठुमीचं बीळ. बिळात तिने खोली सजवली. सगळी निळी निळी! बाटलीच्या निळ्या झाकणाचा पलंग. गोकर्णाच्या निळ्या पाकळीची उशी. खिडकीला निळा पडदा. भिंतींना चुना, चुन्यात चिमूटभर नीळ. निळ्या खोलीत झोप कशी छान लागते!

तीन भिंती झाल्या. एक उरली. मातकट.

इतक्यात वारा आला. फुर्रर्र! नीळ उडून गेली.

ठुमी पलंगावर आडवी झाली. डोळे मिटले. एक डोळा उघडला. समोर ती मातकट भिंत! कुठली झोप नि काय!

ठुमी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू.

अंगणात पारूमावशी कपडे धूत होती. धप्प धप्प!

"पारूमावशी, पारूमावशी, नीळ दे.
नीळ भिंतीला,
मग झोप मला! आऽऽह!"

"देते की गं! पण माझी दोरी तुटली. ओले कपडे काय डोक्यावर वाळवू? आधी दोरी आण."

लुटूलुटू, लुटूलुटू.

"शेळीताई, शेळीताई, दोरी दे.
दोरी मावशीला,
नीळ भिंतीला,
मग झोप मला! आऽऽह!"

"बेंऽऽ! घे ना ही गळ्यातली. मेली टोचतेच मला. पण आधी पाला आण."

लुटूलुटू, लुटूलुटू.

"शेवगादादा, शेवगादादा, पाला दे.
पाला शेळीला,
दोरी मावशीला,
नीळ भिंतीला,
मग झोप मला! आऽऽह!"

"सळसळ! देतो गं. पण घसा कोरडा पडलाय. आधी पाणी आण."

लुटूलुटू, लुटूलुटू.

"हापसाकाका, हापसाकाका, पाणी दे.
पाणी शेवग्याला,
पाला शेळीला,
दोरी मावशीला,
नीळ भिंतीला,
मग झोप मला! आऽऽह!"

"कुंई कुंई! पाणी पुष्कळ आहे. पण सांधे कुरकुरतात माझे. आधी तेल आण."

लुटूलुटू, लुटूलुटू.

ओट्यावर मनवा बसली होती. शेजारी तेलाची वाटी.

"मनवाताई, मनवाताई, तेल दे.
तेल हापशाला,
पाणी शेवग्याला,
पाला शेळीला,
दोरी मावशीला,
नीळ भिंतीला,
मग झोप मला! आऽऽह!"

"देईन. पण माझी निळी रिबीन हरवली. एका वेणीला आहे, दुसरी बोडकी! आई मलाच ओरडते. आधी रिबीन आण."

ठुमीचं शेपूट पोटाखाली.

निळी रिबीन? ती तर ठुमीच्या खिडकीला होती. पडदा म्हणून!

ठुमी खोलीत आली. पडद्याकडे पाहिलं. किती मऊ! किती निळा! काढला, तर खिडकी बोडकी.

पण तिकडे मनवाची वेणी बोडकी.

ठुमीने पडदा ओढला. सुर्रर्र!

"घे ताई. मीच नेली होती."

"चोरटी कुठली!" मनवा म्हणाली. पण म्हणताना हसली.

मग काय!
रिबीन मनवाला, मनवाने दिलं तेल.
तेल हापशाला, हापशाने दिलं पाणी. भदाभदा!
पाणी शेवग्याला, शेवग्याने दिला पाला.
पाला शेळीला, शेळीने दिली दोरी.
दोरी मावशीला, मावशीने दिली नीळ.
नीळ भिंतीला!

ठुमी पलंगावर आडवी झाली. डोळे मिटले. एक डोळा उघडला.

पडदा नव्हता. खिडकीत आभाळ होतं. खिडकीभर निळं निळं!

"अगंबाई! हे पडद्यामागेच होतं होय?"

आऽऽह! घुर्र, घुर्र.

ठुमी शिरली झोपेत, गोष्ट शिरली उशीत.