दिवाणजींचं डोकं

सोनगिरी संस्थानातल्या मूर्तिकार चंद्राक्कांच्या शाळेत सकाळचे दोन तास शिष्यांनी नुसती माती मळायची, असा रिवाज होता. अक्का स्वतःही पदर खोचून मळायला बसायच्या. नवे दिवाण त्र्यंबकराव पाहणीला आले आणि नाक मुरडून म्हणाले, "ही कसली शिकवणी? उद्यापासून मळणं बंद! आल्या आल्या मूर्ती घडवायला घ्यायची, नाहीतर शाळेला टाळं लावीन. पहिला पुतळा माझाच करा."

"जशी आज्ञा," अक्का म्हणाल्या.

आठ दिवसांनी पुतळा भर दरबारात आला. झुपकेदार मिशा, ताठ मान, हुबेहूब दिवाणजी! त्यांची छाती फुगली. "बघितलंत महाराज? न मळता झाला की नाही?"

"झाला की," अक्का म्हणाल्या. "आता फक्त भाजायचा राहिलाय. पण न मळलेल्या मातीत हवा अडकते, सरकार. भट्टी तापली की पुतळा फुटतो, बहुतेक डोक्यापासूनच. तेव्हा 'माझं डोकं माझ्याच हुकमानं फुटलं' एवढं लिहून सही द्या. लगेच भट्टी पेटवते."

महाराज खो खो हसत म्हणाले, "अरे, दिवाणजींना दौत-लेखणी द्या!"

दिवाणजींचा हात नकळत स्वतःच्या पगडीकडे गेला. हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला आणि नवा पुतळा करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून भल्या सकाळी दिवाणजी स्वतः शाळेत हजर! दोन तास उलटले, शिष्यांचे हात दुखून आले, तरी ते आपले काकुळतीला येऊन म्हणायचे, "अक्का, अजून थोडी मळू द्या ना!"