चौथी बाजू उघडी

टेकडीवरच्या त्या खांबाचा फोटो आत्ताच काढू नका. झेंडा चढायचाय अजून. आधी आमच्या चिचटोला गावची एक बाई त्याच्या कडा चाचपते, मगच तिबेटी कॅम्पातली माणसं दोरी ओढतात. दर दहा मार्चला, त्यांच्या देशात उठाव झाला त्या दिवशी, हे असंच चालतं. झेंडा त्यांचा आणि तपासणार आम्ही! मलाही ते खटकायचं. म्हणून खोदून खोदून विचारलं, तेव्हा हे कळलं.

कॅम्प नवा होता तेव्हा गावाचा त्या लोकांवर काडीचा भरवसा नव्हता म्हणे. जंगल साफ करून घरं बांधली, ठीक. पण टेकडीवर एवढा उंच खांब कशाला? कुणाला खूण करणार? त्यांच्यातली ल्हाकी नावाची म्हातारी तर भर उन्हातही जाड अंगरखा काढत नसे. आत काहीतरी लपवलंय, असं जो तो म्हणे.

लपवलेलं होतंच. हाच झेंडा. तो अस्तरात शिवून तिने बर्फाचे डोंगर ओलांडले होते, कारण तिकडे तो नुसता जवळ सापडला तरी तुरुंग. धाकटा भाऊ मागे राहिला होता. खांब उभा राहिला तेव्हा तिने अस्तर उसवलं. झेंड्याचं कापड घडीवर विरलं होतं. गोधड्या शिवणाऱ्या कौतिका नेवारेने ते दुरुस्तीला मागून घेतलं. मदतीला नव्हे हो, त्यात काय दडलंय ते हुंगायला!

घरी तिने ते उलटसुलट पाहिलं. दोन सिंह, सूर्य, लाल-निळे पट्टे. तीन बाजूंना पिवळी किनार, चौथीला नाही. शिवणाऱ्या बाईला उघडी कड बघवेना. स्वतःच्या लग्नाच्या पिवळ्या लुगड्याची पट्टी कापून तिने चौथी बाजूही बंद केली.

दुसऱ्या दिवशी झेंडा चढला आणि लोंबतच राहिला. पळसाची फुलं उडत होती, बायकांचे पदर उडत होते, झेंडा मात्र ओल्या फडक्यासारखा. मी काही तिथे नव्हते. वाऱ्याचं काय सांगावं? पण कॅम्पवाले म्हणाले, गावाने करणी केली. गाववाले म्हणाले, यांचाच देव रुसला. हमरीतुमरीवर आलं.

ल्हाकीने झेंडा उतरवून घेतला, कडेवरून बोट फिरवलं.

"हे कोण केला?"

"मी. अर्धवट होतं, पुरं केलं. लग्नाचं लुगडं कापलंय त्यासाठी, आजी!"

"ही बाजू उघडी पायजे. माझा भाऊ इथून येनार. तू दार लावला, बाई."

त्यांच्या धर्मात त्या उघड्या बाजूचा अर्थ वेगळा आहे, असं कॅम्पातले भिक्षू सांगतात. म्हातारीचा अर्थ हा होता.

कौतिकाचं तोंड उतरलं. कात्री आणायलाही ती थांबली नाही, असं सांगतात. तिथेच मांडी घालून बसली आणि दातांनी टाका टाका उसवला. शेवटचा दोरा निघाला तसा झेंडा दोघींच्या हातांतून सुटू पाहायला लागला.

भाऊ आला का? नाही. म्हातारी गेली तोवर तरी नाही. पण जाण्याआधी तिने कौतिकाला बजावलं, "आमची मानसं भोळी. तुला संशय लई. दरवर्षी तूच बघ."

आजही ते बघणं आमच्याकडेच आहे. कौतिकामागून तिची सून, मग गावातल्या बाया पाळीपाळीने. यंदा मी. सरका जरा, सावली पडते. ही एक शिवण... दोन... तीन. आणि ही, थांबा हं, नीट बघू द्या.

उघडी आहे. ओढा दोरी.